नोंद आढळत नाही

गेम तयार करायला शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला इंग्रजीचं एक वाक्य तोंडपाठ असतं. ‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट.’ पडद्याच्या खालच्या पट्टीत ते लाल खुणेसह उमटतं. त्याच्या आधी ‘नल रेफरन्स एक्सेप्शन’ असा मथळा असतो, आणि चालू खेळात उमटू लागलं की सेकंदाला साठ-साठ वेळा उमटत राहतं. शब्दाला शब्द ठेवून त्याचं मराठी केलं तर हाती काही लागत नाही. मोहल्ल्याच्या भाषेत अर्थ असा : दारावर नावाची पाटी आहे, तुम्ही कडी वाजवली, आत कुणी नाही.

आत कुणी नाही, याला माणसांच्या जगात कितीतरी कारणं असतात. बिऱ्हाड अजून यायचं असेल. नुसती पाटी लागली असेल, राहायला कुणी आलंच नसेल. होते ते उठून गेले असतील, किंवा अल्लाला प्यारे झाले असतील. शेजारी हा फरक सांगतात. त्या लाल वाक्यात तो नसतो, आणि चूक शोधताना जो वेळ जातो तो बहुतेक हा फरक ओळखण्यातच जातो. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. हिशेबाच्या प्रोग्रामपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे हे वाक्य मला भेटलं. पण त्याचा स्वभाव नीट दिसला तो एका पोरखेळात.

खेळ माझ्या भाच्याचा. संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून त्यानं नाशिकच्या पुराचा गेम करायला घेतला होता. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी इथं थोडं सांगायला हवं. आमच्या गोदाघाटावर रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मोठी उभी मूर्ती आहे. पाटबंधारे खात्याचे आकडे असतातच, इतके हजार क्युसेक सोडले वगैरे. पण नाशिककर पूर मोजतो तो या मारुतीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मारुती बुडाला म्हणजे सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांनी माल वर चढवायचा. १९६९ चा पूर, २००८ चा, २०१६ चा, २०१९ चा, सगळ्यांच्या आठवणी लोक मारुतीच्या अंगावरच्या खुणांनी सांगतात. आणि यात कुणाचा मोहल्ला कुठला हा प्रश्न येत नाही. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की आमच्या चौक मंडई, दूध बाजाराकडंही फोन खणखणू लागतात. पहिला प्रश्न ठरलेला : “मारुती कितना डूबा?”

हेच भाच्यानं खेळात घेतलं. खेळणारा म्हणजे भांडी बाजारातला एक पोऱ्या. पाणी यायच्या आत त्यानं दुकानादुकानातले हंडे, कळशा, पातेली माळ्यावर चढवायची. पडद्याआड चार मोठी पात्रं : धरण, नदी, मारुती आणि दुकानं. धरण किती पाणी सोडायचं ते ठरवतं. नदी धरणाला विचारून आपली पातळी ठरवते. मारुती नदीला विचारून कुठवर बुडालो ते दाखवतो. दुकानं मारुतीकडं बघून घंटा वाजवतात. ज्याचं त्याचं काम वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. पोरानं रचना विचारपूर्वक केली होती, हे मी मामू म्हणून सांगत नाही, धंदेवाईक म्हणून सांगतो.

हे सगळं युनिटी नावाच्या इंजिनावर. २००५ साली कोपनहेगनच्या तीन तरुणांनी ते बाजारात आणलं आणि २००९ साली त्याची साधी आवृत्ती फुकट केली. आज आमच्या गल्लीतला मुलगाही ते उतरवून घेऊ शकतो ते त्यामुळं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२० साली परदेशात गाजला. तो दुसऱ्या इंजिनावरचा, पण तेव्हापासून भाच्याला हे काम पोट भरण्याजोगं वाटू लागलं होतं. पुण्यातल्याच एका कंपनीनं त्याला खेळ दाखवायला बोलावलं होतं, आणि दोन दिवस राहिलेले असताना त्याच्या मित्राच्या लॅपटॉपवर खेळ उघडताक्षणी ते लाल वाक्य आलं.

“माझ्याकडं तर चालतोय, मामू.”

सॉफ्टवेअरच्या कुठल्याही कचेरीत दिवसातून दहादा ऐकू येणारं वाक्य. ते खोटंही नसतं. युनिटीत खेळाचा पडदा उघडला की प्रत्येक पात्राची ‘अवेक’ नावाची पायरी चालते, म्हणजे जागं होण्याची. सगळे जागे झाले की मग ‘स्टार्ट’. सगळ्यांचं अवेक संपल्याशिवाय कुणाचंही स्टार्ट होत नाही, एवढी हमी इंजिन देतं. पण अवेकच्या आत आधी कोण जागं होईल, नदी की मारुती, याची हमी नाही. भाच्याच्या मशीनवर नदी आधी उठत होती. मारुतीनं उठल्या उठल्या नदीला हाक मारली तरी ती हजर होती. मित्राकडं मारुती आधी उठला. नदीच्या नावाची पाटी होती, आत कुणी नव्हतं.

हे समजावताना मी त्याला अजान आणि इकामतचं उदाहरण दिलं. अजान झाली म्हणजे नमाज उभी राहत नाही. अजान ऐकून माणसं उठतात, ज्यानं त्यानं आपापला वजू करायचा, टोपी शोधायची, मशिदीत यायचं. कोण आधी पोचला, कोण मागून, याला काही ठराव नाही. इकामत झाली की मग सफ लागते, आणि खांद्याला खांदा तेव्हा लागतो. वजू करताना कुणी बाजूच्याच्या खांद्यासाठी हात पुढं केला तर तो हवेतच राहील. अवेकमध्ये वजू, स्टार्टमध्ये सफ. पोरगं हसलं, पण त्याला ते पटलं असावं, कारण नंतर वहीत त्यानं तेच दोन शब्द लिहिलेले मी पाहिले.

त्याआधी त्यानं स्वतःच एक उपाय करून पाहिला होता, आणि तो फार प्रचलित उपाय आहे. जिथं जिथं नदीला विचारायचं तिथं आधी एक अट घातली : नदी असेल तरच विचार, नसेल तर पुढं चल. लाल वाक्य गेलं. खेळ सुरू झाला. धरण उघडलं, पाणी चढलं, आणि मारुती कोरडाच उभा. उठला त्या क्षणी नदी जागेवर नव्हती, म्हणून त्यानं नदीकडं नाव नोंदवलंच नाही. मग नदीनं त्याला पुढं कळवावं तरी का? मारुती गप्प म्हणून दुकानं गप्प. घंटा वाजली नाही. गल्लीतून पाणी आलं आणि हंडे तरंगू लागले. पडद्यावर कुठंही चूक दिसत नव्हती. माझ्या मते त्या लाल वाक्यापेक्षा हे शंभर पटीनं वाईट. ते वाक्य निदान ओरडतं तरी.

मग आम्ही विचारणं अवेकमधून काढून स्टार्टमध्ये नेलं. आता नदी सगळ्यांच्या आधी जागी असणारच. वाक्य गेलं, यावेळी खरोखर गेलं. तरी पहिल्याच पडद्यावर मारुती कोरडा. आणि तो पडदा भर पावसाळ्याचा, म्हणजे सुरुवातच कमरेएवढ्या पाण्यानं व्हायला हवी होती. अर्धा तास गेला तेव्हा कळलं : नदी हजर होती, पण तिनं धरणाला पातळी अजून विचारली नव्हती. तेही काम स्टार्टमध्येच होतं, आणि मारुतीचं स्टार्ट तिच्या आधी लागलं. मारुतीनं विचारलं, पाणी किती? नदीनं सांगितलं, शून्य. आणि धरणातून पुढचं पाणी सुटेपर्यंत मारुती ते शून्य मिरवत उभा राहिला.

इथं भाषेचा एक नियम आहे, तो सांगतो. सी शार्पमध्ये वस्तूसाठी राखलेली जागा भरली नसेल तर तिथं नल असतं. संख्येसाठी राखलेली जागा भरली नसेल तर तिथं नल ठेवता येत नाही. भाषा स्वतःहून शून्य ठेवते. मोजून आलेलं शून्य आणि न मोजता पडून असलेलं शून्य, दिसायला सारखंच.

आपल्या सभा-संमेलनांत ‘अल्जिब्रा’ आणि ‘अल्गोरिदम’ हे शब्द कुणामुळं आले हे ऐकवल्याशिवाय वक्ता खाली बसत नाही. नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मीचं नाव त्यात आहे, ते खरंच आहे. भारतातलं शून्य अरबीत सिफ्र झालं आणि त्या एका शब्दातून युरोपात सायफर आणि झीरो दोन्ही निघाले, तेही खरं. पण सिफ्र ही संख्या आहे. आहेत-नाहीत ते मोजून झाल्यावर आलेलं उत्तर आहे. नलला आपल्याकडं वेगळे शब्द आहेत. उर्दूत ‘अदम’, म्हणजे नसणं. मराठीत रुळलेला ‘नदारद’. आणि सरकारी मराठीत एक झकास शब्द आहे : निरंक. ‘माहिती निरंक’ असं लिहून कारकून खाली सही करतो तेव्हा तो म्हणत असतो, मी पाहिलं, मोजलं, काही निघालं नाही. रकाना कोरा सोडला तर त्याचा अर्थ कुणी पाहिलंच नाही. निरंक आणि कोरं यांत एका माणसाच्या सहीचा फरक आहे.

नल ही सोय ज्यानं केली त्या टोनी होअर या इंग्रज संगणकशास्त्रज्ञानं १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू नावाच्या भाषेत ती घातली. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यानं जाहीरपणे तिला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटलं. घालायला इतकी सोपी होती की मोह आवरला नाही, असं त्याचं कारण. मला होअरबद्दल आदर आहे, पण या बाबतीत तो स्वतःवर जरा जास्तच कडक झाला असं वाटतं. न भरलेल्या प्रत्येक जागी भाषेनं गुपचूप काहीतरी भरून ठेवलं असतं तर जास्त बरं झालं असतं का?

हा प्रश्न मला पडला त्याला कारण माझी अम्मी. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी. आमच्या गल्लीतल्या कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीच आहे. वर्ष अंदाजानं सांगितलं, दिवस-महिना कुणाला ठाऊक नव्हता, जागा कोरी ठेवायची नाही, मग पहिला महिना, पहिला दिवस. ही माणसाची सिफ्र किंमत. अम्मीला स्वतःला तिचं वय पुरावरून माहीत आहे. १९६९ च्या पुरात घर सोडावं लागलं तेव्हा माझा थोरला भाऊ तिच्या पोटात होता. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदाही १९६९ चाच. त्याआधी खेड्यात कोतवालाच्या वहीत नोंद व्हायची; झाली तर. अम्मी ज्या खेड्यात जन्मली तिथं तिच्या वेळी कुणी ती केली की नाही, अल्लाच जाणे. शाळेत मुलींना घालत नव्हते, त्यामुळं दाखला नाही. सासरच्या घराचे कागद होते, ते त्याच पुरात भिजून गेले.

२०१९ च्या ऑगस्टअखेर आसामच्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली आणि एकोणीस लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली. डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. त्या थंडीत आमच्याकडं घरोघर लोखंडी ट्रंका उघडल्या गेल्या. तेव्हा मी अम्मीच्या जन्माची नोंद शोधायला एका कचेरीत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला एक ओळीचं उत्तर मिळालं : नोंद आढळून येत नाही. खिडकीतला कारकून सभ्य होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या एका ओळीत नोंद कधी केलीच नव्हती, की केली होती आणि वही गेली, की वही आहे आणि कुणी उघडून पाहिली नाही, यातलं काहीच कळत नव्हतं. घरी येऊन अम्मीला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “अरे, मैं तो इधर बैठी हूँ ना.”

गोष्ट तिथंच थांबलेली नाही. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून २०२५ च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावची चौकशी करायला राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. कुणी खोटा दाखला काढला असेल तर तो पकडावा, यात दुमत नाही. पण दाखला उशिरा निघाला एवढ्यानंच संशय घ्यायचा, तर ज्यांच्या जन्माच्या वेळी वहीच उघडलेली नव्हती त्यांनी वेळेवर तो काढायचा कुणाकडून? जागं होण्याचा क्रम तिथंही कुणी लावलेला नव्हता.

या बाबतीत युनिटी कचेरीपेक्षा शहाणं आहे. खेळ बांधत असताना, म्हणजे एडिटरमध्ये, ते जागेच्या रिकामेपणाचे प्रकार करतं. जागा राखली पण कधी भरलीच नाही, तर ‘अनअसाइन्ड’. भरली होती, पण तिथली वस्तू नंतर नष्ट झाली, तर ‘मिसिंग’. बाकी सगळं नल. अम्मीचा जन्म अनअसाइन्ड, घराचे कागद मिसिंग. भाच्याला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प बसला. नानीची ट्रंक त्यानंही पाहिलेली होती.

रात्री आम्ही क्रमाच्या मागं लागलो. युनिटीत प्रत्येक स्क्रिप्टला क्रमांक देता येतो. लहान आकडा आधी चालतो. भाच्यानं धरणाला उणे शंभर, नदीला उणे नव्वद असे आकडे वाटले. छोट्या खेळाला हे चालून जातं. मला तो उपाय आवडत नाही, कारण आकडे सेटिंगच्या कुठल्यातरी पानात राहतात आणि कोड वाचणाऱ्याला दिसत नाहीत. पण इथं वेगळीच अडचण निघाली. मारुती गळ्याशी बुडाला की धरणानं विसर्ग कमी करावा, अशी सोय त्यानं ठेवली होती, आणि त्यासाठी धरण सुरुवातीलाच मारुतीची पातळी विचारत होतं. म्हणजे मारुतीला नदी हवी, नदीला धरण हवं, धरणाला मारुती हवा. रेशन कार्डाला रहिवासी दाखला लागतो आणि रहिवासी दाखल्याला रेशन कार्ड, तसं. असा फेरा असला की कुठलेही आकडे वाटा, कुणीतरी एक रिकाम्या घराची कडी वाजवणारच. फेरा कुठंतरी तोडावा लागतो. आम्ही तो धरणापाशी तोडला. धरणानं सुरुवातीला कुणाला काही विचारायचं नाही. आपल्या फाइलमधला आकडा घेऊन सुरू व्हायचं, आणि मारुती बुडू लागला की त्यानंच धरणाला कळवायचं.

उरलेल्यांसाठी एकच छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिचं काम फक्त हाक मारण्याचं. आधी धरण तयार कर, ते झालं की नदी, मग मारुती, मग दुकानं एकामागून एक. चार ओळी. ज्याला क्रम बघायचा असेल त्यानं त्या चार ओळी वाचाव्यात. आणि त्या आधीच्या ‘असेल तरच विचार’ अटी बहुतेक काढून टाकल्या. भाचा काढायला तयार नव्हता, त्याला त्या ताईतासारख्या वाटत होत्या. मी म्हटलं, नदी नसेल तर हा खेळ चालताच कामा नये. मग नदी नाही हे कळलंच पाहिजे, तेही पहिल्या सेकंदाला.

पातळीचं शून्य मात्र राहिलं होतं. पुढंमागं कुणी हाकांचा क्रम बदलला तर मारुती पुन्हा खोटा कोरडा दिसणार. भाच्यानं पातळीच्या संख्येला प्रश्नचिन्ह जोडलं. सी शार्पमध्ये तशी सोय आहे, संख्येच्या प्रकारापुढं प्रश्नचिन्ह लिहिलं की त्या जागी संख्या असू शकते किंवा काहीच नसू शकतं. मग त्यानं मारुतीच्या बाजूच्या पाटीवर, नदीकडून पहिला आकडा येईपर्यंत, नुसती एक आडवी रेघ ठेवली. शून्य आलं तर शून्य, कमरेएवढं आलं तर कमरेएवढं, काहीच आलं नाही तर रेघ.

दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या लॅपटॉपवर खेळ उघडून पाहिला. तिन्हीकडं रेघ डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ दिसली आणि पाणी मारुतीच्या कमरेला आलं. घंटा वाजल्या. पोऱ्या हंडे घेऊन पळू लागला. तेवढ्यात भाच्यानं दाखवलं की भांडी बाजारातल्या तिसऱ्या दुकानाचं शटर दोनदा खाली येतंय, आणि दुसऱ्या वेळी पोऱ्याला आत घेऊन बंद होतंय. ते कशामुळं, ते शोधायला आम्ही पुन्हा बसलो.